सायकलला फिल्म लावली तो गुरुवार

मुलगी सकाळी कंपनीच्या बसने मानेसरला गेली आणि जाताना दारातून पुन्हा सांगून गेली, "आई, मॅट. त्याने ग्लॉसी काढली तर नाही म्हण. विसरू नको यार." मी म्हटलं, नाही विसरत. तेव्हापासून मी मॅट, मॅट असं मनात घोकत होते आणि हातून काही धड होत नव्हतं. भाजीत मीठ घातलं की नाही ते आठवेना. चव घेतली, तरी कळेना.

काम तसं साधं होतं. तिची नवी सायकल, डोंगरात चालवायची, जाड टायरांची, ती सेक्टरच्या मार्केटात न्यायची. तिथल्या दुकानात तिच्या दांड्यांवर पारदर्शक फिल्म चिकटवून घ्यायची, पैसे द्यायचे आणि परत आणायची. दुकान खरं तर मोटारींचं. नव्या गाडीच्या रंगाला ओरखडा पडू नये म्हणून लोक गाडीला अशी फिल्म लावून घेतात. आता महागातल्या सायकलींनाही लावायला लागले होते. दुकानवाल्याने गुरुवारची वेळ दिली होती, आणि मुलीला गुरुवारी सुट्टी मिळण्यासारखी नव्हती. ह्यांचे गुडघे दुखतात. शिवाय ह्यांनी सरळ सांगितलं होतं, "मला हे पटत नाही, मी नेणार नाही." म्हणून मी.

शनिवारी पहाटे ती ऑफिसच्या मुलामुलींबरोबर हिमाचलला निघणार होती. सायकली बसच्या टपावर बांधून नेणार होते. आदल्या रविवारी जेवताना ती म्हणाली, "फिल्म नाही लागली तर मी नाही जाणार. टपावर एकमेकींना घासून सगळा पेंट जाईल. अजून हप्ते चालू आहेत तिचे."

"मग नको जाऊस," हे म्हणाले. "आपली माणसं पानिपतापर्यंत आली, त्यांचं काय झालं ते दर संक्रांतीला तिथल्या काला अंबच्या स्मारकाला जाऊन बघतोच आपण."

"बाबा, त्यांनी फिल्म लावली नव्हती."

हे हसले, मीही हसले. पण तिचं पहिलं वाक्य आम्ही दोघांनी नीट ऐकून ठेवलं होतं. फिल्म नाही तर जाणं नाही.

तिने जावं असं मला वाटत नव्हतं. हे मी तिला बोलले नव्हते, पण वाटत नव्हतंच. होळीच्या सुमाराला अरावलीत ती जुन्या सायकलवरून पडली, हनुवटीला टाके पडले. व्रण राहिला. तिच्या मावशीने फोनवर विचारलं, फोटोत दिसतो का गं तो? मला फोटोचं काही नव्हतं. मला तो रक्ताने भिजलेला तिचा रुमाल दिसायचा. रविवारी ती सायकल घेऊन बाहेर पडली की परत येईपर्यंत मी गॅलरीतून आत आणि आतून गॅलरीत करायची. हे म्हणायचे, "बस ना एका जागी." जागा सापडायची नाही.

त्यात मला बाहेर बोलायची सवय नाही. ह्यांचं ऑफिस दिल्लीत कस्तुरबा गांधी मार्गाच्या बाजूला होतं तेव्हा आम्ही सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. भाजीवाला, इस्त्रीवाला, सगळे जिन्याखाली यायचे आणि ओळखीचे असायचे. ह्यांच्या निवृत्तीच्या सुमाराला इथे गुडगावात फ्लॅट मिळाला. इथे सगळं काचेच्या दारांमागे. दार ढकलायचं की ओढायचं ते कळेपर्यंत आतला माणूस आपल्याकडे बघत असतो. मी चौथीपर्यंत शिकलेली. हिंदी येते, पण कुणी जरा जोरात बोललं की मला मराठीसुद्धा येईनाशी होते.

सायकल लिफ्टमध्ये घालताना तिचं पेडल माझ्या नडगीला लागलं. खाली गेटवरचा वॉचमन म्हणाला, "आंटीजी, आज आप चलाओगी?" मी नुसती मान हलवली. तो म्हणाला, "हेल्मेट तो पहन लेतीं." सायकल हाताने ढकलत मी सर्व्हिस लेनच्या कडेने निघाले. साडीचा काठ साखळीत जाईल म्हणून एका हाताने निऱ्या वर धरलेल्या, एका हाताने हँडल. हँडल माझं ऐकत नव्हतं, सारखं रस्त्याकडे वळत होतं.

दुकानासमोर एक लांबलचक पांढरी गाडी उभी होती. दुकानदार तिशीचा, दाढी राखलेला, रोहतककडचं बोलणारा. मी म्हटलं, "मॅट." नमस्कार नाही, काही नाही, आधी मॅटच. तो म्हणाला, "हां आंटी, दीदी ने बोल दिया था, मॅट ही है. बैठो." प्लास्टिकच्या स्टुलावर मी बसले. त्याने सायकल स्टँडवर चढवली, शाम्पूच्या पाण्याने धुतली, फडक्याने कोरडी केली आणि मग वाकून हँडलखालच्या पाइपपाशी थांबला. तिथे बोटाने घासून त्याने बोट नाकाशी नेलं.

"आंटी, हे काय लावलंय?" त्याने त्याच्या हिंदीत विचारलं.

मी उठून गेले. तिथे मी काढलेलं स्वस्तिक होतं. सायकल घरी आली त्या संध्याकाळी मी तिची पूजा केली होती. आमच्याकडे मिक्सर आणला तरी त्याला कुंकू लागतं, मग ही तर मुलीची सायकल. नुसत्या पाण्यातलं कुंकू वाळलं की झडून जातं, म्हणून मी ते तेलात कालवलं होतं. चांगलं टिकलंही होतं.

"कुंकू आहे, पूजेचं," मी म्हटलं.

"ते कळलं. पण तेलावर फिल्म पकडत नाही. अशीच लावली तर दोन दिवसांत इथूनच उठायला लागेल, आणि बसच्या टपावर वारा लागला की सगळी सोलून येईल." तो फडक्याला हात पुसत उभा राहिला. "स्पिरिटने पुसावं लागेल. शुभचिन्ह आहे, मी न विचारता हात लावत नाही. आणि मॅट रंग आहे, तेल प्यायलाय. पुसून तिथे रंग हलका झाला तर दीदी मला बोलतील. तुम्ही त्यांना विचारून घ्या. नाहीतर सोमवारी त्यांनाच घेऊन या. उद्यापासून मला तीन गाड्या आहेत, मध्ये वेळ नाही."

मुलीचा फोन लागणार नव्हता. कारखान्यात आत जाताना फोन कपाटात ठेवावा लागतो. तरी मी लावला. वाजून वाजून बंद झाला. मग ह्यांना लावला.

सगळं ऐकून हे म्हणाले, "मग सोमवारी बघू. आज राहू दे."

"सोमवारी ती जाऊन आलेली असेल."

"सायकलला फिल्म नसेल तर कशी जाईल?" हे म्हणाले, "अगं, आपण काही केलेलं नाही. दुकानवालाच सोमवार म्हणतोय. ये तू घरी."

"बरं," मी म्हटलं.

फोन पर्समध्ये टाकला आणि मला एकदम हलकं वाटलं, हे खरं आहे. कुणाशी भांडायचं नव्हतं, मुलीला नाही म्हणायचं नव्हतं. सायकल ढकलत घरी न्यायची, संध्याकाळी जे झालं तेच तिला सांगायचं. त्यात एक शब्द खोटा नव्हता. ती चिडली असती, दार लावून बसली असती आणि शनिवारी सकाळी घरात असती. पोहे केले असते तिच्या आवडीचे.

पण पाय निघेनात. मी दारापर्यंत गेले, परत आले. स्टुलावर बसले, उठले. दुकानदार म्हणाला, "आंटी, बता दो. नाहीतर ही गाडी आत घेतो." बाहेर गाडीवाला हॉर्न वाजवत होता.

मला आमच्या आत्याची आठवण झाली. चौथी झाल्यावर पाचवीची शाळा शेजारच्या गावाला होती. नाव घालायला आत्या मला नेणार होती, वडिलांना वेळ नव्हता. त्या दिवशी तिने माझी वेणीही घातली. मग कुणीतरी पाहुणे आले, आणि ती म्हणाली, आज राहू दे, सोमवारी जाऊ. सोमवारी तिला बरं नव्हतं. मग पेरण्या आल्या. मला कुणीही कधी नाही म्हणालं नाही. कुणी रागावलं नाही, कुणी शाळा वाईट आहे असं म्हटलं नाही. नुसते सोमवार येत गेले. त्या वाटेवर ओढा होता, आणि आदल्या वर्षी त्यात एक मुलगी वाहून गेली होती. आत्या कदाचित त्याला भ्यायली असेल. तिचा माझ्यावर जीव होता. मी तिला कधी विचारलं नाही.

मी दुकानदाराला म्हटलं, "आज ही करो."

"दीदींना विचारलं?"

"फोन नाही उचलत. मी सांगते ना. रंग गेला तर मी सांगेन तिला."

माझा आवाज मलाच मोठा वाटला. त्याने स्पिरिटची बाटली घेतली, फडकं घेतलं, पण पुढे होईना. "तुम्हीच पुसा आंटी," तो म्हणाला. "माझी आईसुद्धा असं काढते गाडीवर. माझा हात नाही जात."

मग मी पुसलं. स्पिरिट बोटांना गार लागत होतं आणि डोक्यात चढत होतं. फडकं लाल झालं, त्याने दुसरं दिलं, तेही झालं. घासताना मी तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणत होते, देवाला की सायकलला ते सांगता येणार नाही. कुंकू निघालं, पण रंगात गुलाबी छटा उरली. तो म्हणाला, एवढं राहणारच, फिल्मखाली दिसत राहील. मी म्हटलं, "चलेगा. आता लाव."

मला वाटलं होतं, वहीला कव्हर घालतात तसं पटकन होईल. तसं नव्हतं. प्रत्येक दांडीच्या मापाचा तुकडा तो कापायचा. दांडीवर साबणाचं पाणी फवारायचं, तुकडा ठेवायचा, मग रबराच्या पट्टीने आतलं पाणी बाहेर रेटत न्यायचं. कडा गरम हवेच्या यंत्राने बसवायच्या. एक तुकडा वाकडा बसला, तो त्याने उचलून फेकला आणि दुसरा कापला. मी त्याच्या मागे मागे फिरत होते. तो म्हणाला, "आंटी, माझ्या सावलीत उभ्या राहू नका, मला बुडबुडे दिसत नाहीत." मी बाजूला झाले आणि पुन्हा तिथेच जाऊन उभी राहिले. खालच्या दांडीवर, जिथे चाकाखालचे दगड उडून लागतात, तिथे त्याने दोन थर लावले. मी म्हटलं, अजून एक लाव. तो हसला. "ये फिल्म पेंट बचाती है आंटी, आदमी को नहीं."

मुलीने पाकिटात घालून दिलेले पैसे मी त्याच्या हातात ठेवले. त्याने परत दिलेले सुटे न मोजता पर्समध्ये टाकले. उद्या संध्याकाळपर्यंत पाणी लावू नका, तो म्हणाला. तेही मी रस्ताभर घोकत आले.

घरी ह्यांनी दार उघडलं, सायकलकडे पाहिलं आणि हे टीव्हीसमोर जाऊन बसले.

संध्याकाळी मुलगी आली ती बूट न काढताच गॅलरीत गेली. गुडघे टेकून एकेक कोपरा नखाने तपासला. "मस्त बसवलीय. बिल्कुल दिसत नाही." मग पुढच्या पाइपपाशी थांबली. "हे पिंक काय?"

मी सांगितलं. तेल, कुंकू, स्पिरिट, सगळं.

"म्हणजे तू त्याला म्हणालीस, लाव म्हणून? तू?"

"हो."

"आणि बाबा काय म्हणाले?"

"त्यांना विचार."

तिने आत डोकावून पाहिलं, पण विचारलं नाही. पिशवी भरायला गेली. जरा वेळाने आतून ओरडून विचारलं की लोकरीचे मोजे कुठे आहेत. मी काढून दिले.

शनिवारी ती निघाली तेव्हा उजाडायचं होतं. बस सोसायटीबाहेरच आली. तिने सायकल स्वतः टपावर चढवली, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. बस वळली. आम्ही दोघं लिफ्टने वर आलो. मी ओटा पुसला, पुसलेला ओटा पुन्हा पुसला. हे डायनिंग टेबलाशी बसून होते.

"फोनवर तू मला बरं म्हणालीस," हे म्हणाले.

"म्हणाले."

"मग?"

"मग लावून घेतली."

ह्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ह्यांचा चेहरा रागावलेला नव्हता. माझ्या पोटात होतं तेच ह्यांच्याही पोटात होतं, ते मला दिसत होतं.

"तिथे काही झालं तर?"

"तर मी पाठवली म्हणेन."

"तुला कोण विचारणार आहे?"

"कुणी विचारलं नाही तरी म्हणेन."

ह्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. म्हणाले, "मुरथलच्या ढाब्यांवर थांबते ना बस? मुरथलला पोचली की फोन करायला सांगितलंस?"

मी सांगितलं नव्हतं. ह्यांनी फोन माझ्याकडे सरकवला, मी तो परत ह्यांच्याकडे सरकवला. शेवटी तो आमच्या दोघांच्या मधोमध राहिला, आणि मी खुर्ची ओढून बसले.