आईच्या फळीवरचा फोन

निवृत्त माणसाच्या हातात स्वस्त इंटरनेट देऊ नये, हे मी स्वतःवरून सांगतो. अंबरनाथच्या एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये उभी हयात काढून मी बदलापूरच्या फ्लॅटमध्ये घरी बसलो आणि दोन महिन्यांत मला एक खोड लागली. घरच्या कॉम्प्युटरचा पुरेपूर उपयोग कसा कराल, तुमचा मोबाइल काय काय करू शकतो, जुना फोन फेकू नका, असले व्हिडिओ मी सकाळ-दुपार बघत बसायचो. त्यात बोलणारी पोरं भलतीच उत्साही असतात. त्यांचा आवाज ऐकला की आता मी लगेच फोन बंद करतो, पण तेव्हा मी वही-पेन घेऊन टिपणं काढत होतो.

घरात सामान भरपूर होतं. मुलीच्या शिक्षणासाठी उल्हासनगरहून जोडून आणलेला कॉम्प्युटर ती लग्न होऊन गेल्यापासून क्रोशाच्या कव्हरखाली पडून होता. बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात चार जुने फोन होते. मी कव्हर काढलं, धूळ झटकली, डबा उघडला. एक फोन टीव्हीचा रिमोट झाला. दुसरा स्वयंपाकघरात गाणी लावायला ठेवला, तो आठवड्याभरात फोडणीच्या तेलाने माखला आणि बायकोने उचलून पुन्हा डब्यात टाकला. "तुम्हाला करमत नाही तर वांगणीला जाऊन या ना," ती म्हणायची. "आई एकट्याच असतात."

माझी आई वांगणीला राहते. बदलापूरच्या पुढचंच स्टेशन. स्टेशनपासून दहा मिनिटांवर आमचं दोन खोल्यांचं घर आहे, मागे भेंडी-वांग्याचे चार वाफे आणि तीन कोंबड्या. भात आता दुसऱ्याला लावायला दिलाय. वडील गेल्यावर मी आईला बदलापूरला आणली होती. आठ दिवस ती सातव्या मजल्यावरच्या खिडकीपाशी बसून राहिली आणि नवव्या दिवशी पिशवी भरून दाराशी उभी राहिली. धाकटा भाऊ अंबरनाथला, बहीण विठ्ठलवाडीला. कुणी परदेशात नाही, कुणी दिल्लीत नाही. सगळे एका रेल्वेलाइनीवर, फार तर अर्ध्या तासाच्या अंतरात. एवढं लक्षात असू द्या, म्हणजे पुढचं ऐकताना तुम्हाला आमची कीव येणार नाही.

त्या वेळी मी दर रविवारी आईकडे जात होतो. बहीण महिन्यातून दोनदा जायची. भाऊ सणासुदीला. आईला चक्कर येते असं शेजारणीने कळवलं तेव्हा आम्ही तिघं फोनवर बोललो. कुणी राहायला जायचं, याच्यावर कुणी शब्द काढला नाही. मी म्हणालो, माझ्याकडे एक उपाय आहे.

उपाय माझ्या वहीत लिहिलेलाच होता. जुन्या फोनचा घरबसल्या कॅमेरा करा. उल्हासनगरच्या बाजारात मी फोन धरायचा चिमटा आणि लांब वायर घ्यायला गेलो. दुकानदार सिंधी होता, माझ्याच वयाचा. कशासाठी पाहिजे म्हणून त्याने विचारलं, तेव्हा मी मोठ्या अभिमानाने सांगितलं. तो वायर गुंडाळता गुंडाळता म्हणाला, "अच्छा है साईं. मेरी अम्मा तो दुकान के ऊपर ही रहती है. दिन में चार बार आवाज देती है, दिमाग खा जाती है." मला त्याची दया आली होती. आज वाटतं, त्यालाच माझी आली असणार.

आईच्या बाहेरच्या खोलीत देवाच्या फोटोशेजारी फळी आहे. तिथे मी फोन बसवला. त्यातून अख्खी खोली दिसायची. खाट, दार, चुलीच्या खोलीचा उंबरठा. माझ्या, भावाच्या आणि बहिणीच्या मोबाइलवर ते चित्र यायचं. बटण दाबलं की आपला आवाज तिकडे ऐकू जायचा. खोलीत काही हललं की तिघांनाही सूचना यायची, 'हालचाल आढळली'. पहिले दोन दिवस ती बहुतेक कोंबडीची होती.

"यातनं तुमी मना बघनार?" आईने विचारलं.

"हो. चक्कर आली तर आम्हाला लगेच कळेल."

"आन मना तुमी दिसनार क्या?"

नाही, म्हणालो. तिने मान हलवली आणि चहा टाकायला आत गेली.

मी एवढ्यावर थांबलो नाही. बदलापूरला तो जुना कॉम्प्युटर हॉलमध्ये मांडला आणि त्याच्या पडद्यावर आई दिवसभर चालू ठेवली. पाहुणे आले की दाखवायचो. ही बघा, तांदूळ निवडतेय. लोक कौतुक करायचे. एकदा बायकोने माझ्यासमोर चहा ठेवला आणि पडद्याकडे पाठ करून विचारलं, "आई लुगडं बदलतात तेव्हा काय करता हो तुम्ही?"

"मी बघत नाही तेव्हा."

"पण दिसतं ना."

मी म्हणालो, तू प्रत्येक गोष्टीत खोट काढतेस. तिने त्या दिवसापासून हॉलमध्ये बसून चहा प्यायचं सोडलं. मी मात्र चहाबरोबर आईला बघत राहिलो. किळस येते ना? मलाही येते, पण फार उशिरा यायला लागली.

भावाने आमच्या तिघांचा एक ग्रुप केला आणि त्याला 'आई लाइव्ह' असं नाव दिलं. क्रिकेटच्या सामन्यासारखं त्यावर धावतं वर्णन चालायचं. आई दोन वाजता झोपली. आई उठली. कालचीच साडी आहे. भाकरी अर्धीच खाल्ली. भाऊ प्रत्येक ओळीला अंगठा द्यायचा, जणू आईची सेवा त्या अंगठ्याने होत होती. आणि बहीण तर फळीवरून बोलणारी सासूच झाली. आईला मिशेरी लावायची सवय, लग्नाआधीपासूनची. दुपारची भांडी झाली की पाय पसरून, भिंतीला टेकून, डबी उघडून ती हिरड्यांना मिशेरी लावायची. तेवढाच तिचा दिवसातला आराम. तर विठ्ठलवाडीहून बहीण बटण दाबून ओरडायची, "आई, मिशेरी टाक. डॉक्टरांनी काय सांगितलंय?" फळीवरून आवाज आला की आई दचकायची, डबी पदराखाली सरकवायची आणि पाय जवळ घ्यायची. पंचाहत्तरी ओलांडलेली बाई, आपल्याच घरात चोरासारखी. महिन्याभरात तिने पाय पसरणंच बंद केलं. खाटेच्या कडेला डोक्यावर पदर घेऊन ताठ बसायची, बँकेत नंबर यायची वाट बघावी तशी. ग्रुपवर भावाने लिहिलं, आईची तब्येत सुधारली, बघा कशी सरळ बसते.

मी त्यालाही अंगठा दिला होता.

आणि माझे रविवार बंद पडले. ठरवून नाही. एका रविवारी गुडघा दुखत होता. सकाळपासून आईला तीनदा बघितलं होतं, ठीक होती, म्हणून गेलो नाही. पुढच्या रविवारी गुडघा दुखत नव्हता, तरी गेलो नाही. बघितलेल्या माणसाला पुन्हा कशाला भेटायचं? हे असं कुणी शब्दांत म्हणालं नाही, पण तिघांनी केलं तेच. आई अधूनमधून फळीसमोर येऊन उभी राहायची आणि विचारायची, "या रईवारी येनार क्या?" मी बटण दाबून सांगायचो, बघतो.

दसरा आला. दसऱ्याला आम्ही तिघंही आईकडे जायचो, हे कधी चुकलं नव्हतं. आई घरातली सगळी हत्यारं धुऊन मांडायची. कोयता, विळी, पारय, खुरपं, वडिलांची करवत. हळद-कुंकू, अक्षता, झेंडू. पूजा झालेल्या हत्याराला त्या दिवशी हात लावायचा नाही, त्याचा तो विश्रांतीचा दिवस, म्हणून भाजी आदल्या दिवशीच चिरून ठेवलेली असायची. दुपारी जेवण, ऊन कललं की आपट्याची पानं वाटायची.

या वेळी भावाने ग्रुपवर लिहिलं, गाड्यांना गर्दी असणार, मुलांच्या परीक्षा आहेत, कॅमेरा आहेच, तिथूनच सोनं देऊ. बहिणीने आपट्याच्या पानाचं चित्र टाकलं, चमचम करणारं. मी 'चालेल' लिहिलं. माझ्या घरी कुणाची परीक्षा नव्हती. मला गुडघ्याशिवाय काहीच नव्हतं. आईला मीच बटण दाबून सांगितलं. ती हातात झेंडूची माळ घेऊन उभी होती. "बरा," म्हणाली आणि माळ दाराला बांधायला गेली.

दसऱ्याच्या दिवशी अकराच्या सुमारास आम्ही तिघं आपापल्या पडद्यासमोर बसलो होतो. आईने हत्यारं पाटावर मांडली, एकेकाला बोट लावलं, हात जोडले. मग ताम्हण घेऊन ती फळीकडे आली. तिचा चेहरा पडद्यावर मोठा होत गेला. इतक्या जवळून मी तिला कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं. मग तिचं हळद लावलेलं बोट आलं, पडदा पिवळा झाला. दुसरं बोट आलं आणि माझा अख्खा पडदा कुंकवाने लाल झाला. पाठोपाठ अक्षता पडल्याचा टकटक आवाज आला.

ग्रुपवर धावपळ उडाली. काही दिसत नाही. दादा, तिला पुसायला सांग. आता सोनं कसं द्यायचं?

मी बटण दाबलं. "आई, तू कॅमेऱ्याच्या डोळ्यालाच कुंकू लावलंस. पूस ते."

लाल पडद्यातून तिचा आवाज आला. "आज पुसायचा नाय. पूजा झालेय त्याची. कोयता आज काय कापत नाय, मंग यानं तरी का बघायचं? त्याला आज सुट्टी."

भाऊ म्हणाला, उद्या बघू. बहिणीने मला वेगळा फोन केला. आता दिवसभर काही दिसणार नाही, तिला चक्कर आली तर? तू जवळ आहेस, जा आणि पूस. बायको तोवर साडी नेसून तयार होती, पण तिला माहेरी, तिच्या भावाकडे जायचं होतं. मी एकटाच निघालो. आईला भेटायला नाही, काच पुसायला. हे मी इथे मुद्दाम लिहून ठेवतो.

दारात मला बघून आई बाजूला झाली. पाणी दिलं. आत गेलो तर जमिनीवर तीन पाट मांडलेले, तीन ताटं, ताटांवर ताटं झाकलेली. मला, भावाला आणि बहिणीला. येणार नाही असं सांगितलेलं असूनही. वडे, काळ्या वाटाण्याची आमटी, भात, खीर. मी मधल्या पाटावर बसलो. ती समोर बसली आणि मी जेवताना बघत राहिली. "गुडगा कसा हाय?" तिने विचारलं. दुखतो, म्हणालो. ते तरी खोटं नव्हतं. तिने आमटी आणखी वाढली. उरलेली दोन ताटं झाकलेलीच राहिली.

जेवण झाल्यावर तिने माझ्या तळहातावर आपट्याचं पान ठेवलं आणि मूठ मिटून दोन्ही हातांत धरली. मी तिच्या पाया पडलो. मला खरंच बरं वाटत होतं. मी म्हणालो, "राहू दे ते कुंकू. आज त्याला सुट्टी. मी सांगतो त्या दोघांना." आई हसली. किती दिवसांनी हसली कोण जाणे, कारण एवढ्या महिन्यांच्या बघण्यात मी तिला एकदाही हसताना पाहिलं नव्हतं.

मग ती बायकोसाठी वडे बांधायला आत गेली. खिशात फोन वाजला. बहिणीचा. पुसलंस का? मी फळीपाशी उभा होतो. खिशातून रुमाल काढला, एका टोकाला थुंकी लावली आणि काच पुसली. मागचापुढचा विचार केला नाही असं म्हणायला मला आवडलं असतं. खरं म्हणजे केला होता. तिला कुठे कळणार आहे, हा तो विचार. वड्यांचा डबा घेऊन मी निघालो. ती दारापर्यंत आली होती.

वांगणी स्टेशनच्या बाकड्यावर बसलो आणि सवयीने हात खिशात गेला. 'हालचाल आढळली'. मी उघडलं. चित्र स्वच्छ होतं. आई दारातून आत आली. तिने डोक्यावरचा पदर काढून खांद्यावर टाकला, भिंतीला टेकून खाली बसली आणि दोन्ही पाय सरळ लांब केले. किती तरी वेळ नुसती तशीच बसली. मग कनवटीची डबी काढली आणि डोळे मिटून मिशेरी लावू लागली.

"आई!" विठ्ठलवाडीहून बहिणीचा आवाज फळीवरून कडाडला. "सणाच्या दिवशी सुद्धा?"

आई अशी दचकली की डबी सांडली. पाय झटकन पोटाशी गेले. पदर डोक्यावर आला. पदराने तोंड पुसून ती उठली, फळीपाशी आली आणि काचेत बघत राहिली. बहीण बोलतच होती. आई तिला उत्तर देत नव्हती. तिने कुणाला विचारायचं ते ओळखलं होतं.

"पुसलास क्या रं?" ती म्हणाली.

बोलायचं बटण माझ्या अंगठ्याखाली होतं. मी ते दाबलं नाही.