आतून बांधलेली राखी

नंदी गेल्याचा फोन दिलीपनं केला. अमरावतीत, सकाळी भाजी निवडता निवडता तिचं हृदय थांबलं. मला पहिलं काय वाटलं, खरं सांगू? हे दिलीपला माझ्याआधी कसं कळलं! मी थोरली, नंदा म्हणजे आमची नंदी मधली, दिलीप शेंडेफळ. बहीण गेल्याचं दुःख पोटात उतरायला वेळ लागला, जळफळाट मात्र नेहमीसारखा आधी पोचला.

तो लहानपणापासूनचाच. माहेरी परतवाड्याला दिलीपला कडेवर घेऊन मी वाढवलं, त्याचं शेंबडं नाक मी पुसलं. नंदी दिवसभर मैत्रिणींत हुंदडायची, आणि संध्याकाळी ती दारात दिसली की हा पठ्ठ्या माझ्या कडेवरून तिच्याकडे झेपावायचा. पुढं चाळिशीत त्याला रक्ताचा कॅन्सर निघाला. औषधांनी आजार दबला, पण तो परत उलटू नये म्हणून नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी मूळपेशी बदलायला सांगितल्या. बाई वऱ्हाडातल्याच, त्यामुळे आम्हाला कळेल असं बोलल्या. हाडांच्या मगजातल्या मूळपेशी म्हणजे रक्ताचं बियाणं. याचं बियाणं बिघडलंय, तर जोरकस औषधांनी वावर साफ करायचं आणि भावंडाचं चांगलं बियाणं पेरायचं. त्यासाठी जुळणी लागते, पण ती रक्तगटाची नव्हे, पेशींवरच्या ओळखखुणांची. सख्ख्या भावंडाची जुळायची शक्यता चारात एक.

माझा आणि दिलीपचा रक्तगट बी, नंदीचा ओ. मी तर बॅगसुद्धा भरून ठेवली होती. जुळली कोण? नंदी! मी डॉक्टरीणबाईंना एकटीनं गाठलं. पेपरात जीन थेरपीचं वाचलं होतं. म्हटलं, त्याच्याच पेशी काढून दुरुस्त करून परत द्या की, दुसऱ्याच्या कशाला? त्या म्हणाल्या, जीन म्हणजे पेशीला मिळालेला हुकूम. काही आजारांत तो चुकलेला हुकूम सुधारता येतो, काही कॅन्सरमध्ये रुग्णाच्याच पांढऱ्या पेशींना शत्रू ओळखायला शिकवतात; पण प्रत्येक आजाराला ते लागू पडत नाही, आणि याच्यासाठी आज हाच रस्ता चांगला. बहिणीचं जुळलंय हे नशीब समजा, म्हणाल्या. ते नशीबच तर मला खुपत होतं...

मूळपेशी हाडांतून रक्तात उतराव्यात म्हणून नंदीला काही दिवस इंजेक्शनं दिली. हाडं ठणकली, पण बाईनं हूं की चूं केलं नाही. मग एका हातातून रक्त घेऊन मशीननं मूळपेशी वेगळ्या काढल्या, उरलेलं रक्त दुसऱ्या हातातून परत दिलं. चिरफाड काहीच नाही. दिलीपला ती लालसर पिशवी सलाईनसारखी लावली. पेशी आपल्या आपण हाडांपर्यंत वाट काढतात म्हणे. पुढचे कित्येक महिने त्याला ताजं, नीट शिजवलेलं जेवण मी करून घातलं. येणारा-जाणारा मात्र नंदीचे गोडवे गायचा.

त्यावर कडी म्हणजे दिलीपचा रक्तगट बदलला. ओ झाला! तिच्या पेशींनी केलेलं रक्त तिच्याच गटाचं असणार, हे डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितलं होतं, तरी मला ते सोसेना. कुणी विचारलं की मी मध्येच बोलायची, "जन्माचा बी आहे, माझ्यासारखा." त्या वर्षी राखीला मी नवी राखी घेऊन दिलीपच्या घरी अकोटला गेले, तर नंदी हात हलवत आलेली. मी टोकलं. ती खुर्चीत रेलून हसली.

"मी काहून बांधू, ताई? म्या त त्याले आतूनच बांधून ठेवली."

दिलीपही हसला. मी राखीची गाठ इतकी आवळली की त्याचं मनगट लाल झालं.

गेल्या आठवड्यात दिलीप हर्नियाच्या ऑपरेशनआधीच्या तपासण्यांसाठी माझ्याकडे अकोल्याला आला. लॅबमधल्या मुलीनं रक्तगट विचारला. दिलीप सवयीनं माझ्याकडे बघू लागला, आता ही भांडेल म्हणून.

"ओ," मी म्हटलं. "आमच्या नंदीचा."

दिलीपनं मान फिरवली. मुलीनं रक्त काढलं. मी म्हटलं, बाई, ती नळी जरा माझ्या हातात दे. तिनं नवलानं बघितलं, पण दिली. जिला आम्ही सगळे मिळून पोचवून आलो, तिनं केलेलं रक्त माझ्या मुठीत कोमट होतं. मेली तरी याला सोडून गेली नाही. आणि माझं मरण आलं की मी अख्खीच जाणार... कुणाच्यात एवढीशीसुद्धा मागं राहणार नाही.

मुलगी हात पुढे करून उभी होती. मी मूठ लवकर उघडली नाही.