डोमाजी दिवड म्हणाला

डोमाजीला दिसत नव्हतं. हे मी पहिल्याच वाक्यात सांगून मोकळा होतो, कारण मला ते दोन वर्षं कळलं नाही आणि त्याची लाज अजून जात नाही. मी मूर्तिजापूर आगारात सव्वीस वर्षं कंडक्टर होतो. बिनतिकिटाचा माणूस मी नुसत्या त्याच्या बसण्यावरून ओळखायचो. आणि ज्याच्यासोबत रोज सकाळी नदीवर चहा पितो, त्या माणसाचे डोळे गेलेत हे मला ओळखू आलं नाही. काय जाळायची ती हुशारी.

आमचं गाव मूर्तिजापूरपासून बारा किलोमीटरवर, पूर्णेच्या काठाला. डोमाजी भोयांचा. चौथीपर्यंत आम्ही एका तरटावर बसलो, मग मी पाचवीत गेलो आणि तो मासे धरायला बापाच्या डोंग्यात गेला. चार गावांत त्याचं नाव झालं ते मासे ओळखण्यात. आता रोहू आणि मिरगळ घ्या. दोन्हींचं अंग सारखं, खवले सारखे, आणि ओले असले म्हणजे माझ्यासारख्यानं नुसतं तोंडाकडे बघत बसावं. गावरान मांगूर आणि तो बंदी घातलेला बाहेरचा मांगूर, दोघंही काळे आणि दोघांनाही मिशा. मच्छीमार सोसायटीचे सचिव उत्तमराव सकाळी काठावर यायचे आणि डोमाजी म्हणेल त्या ढिगात मासा जायचा. मूर्तिजापूरचा व्यापारी टोपल्यावरचं पोतं उचलूनही बघत नसे. डोमाजीनं सांगितलं ना, मग झालं.

दोन वर्षांपूर्वी त्यानं एक नवीन ऐट सुरू केली. तोंड नदीकडे करून बसायचं, मागे हात करून मासा घ्यायचा आणि अंगठा त्याच्या ओठांवरून फिरवायचा. रोहूच्या ओठाला झालर असते, मिरगळचा ओठ पातळ. "मिरगळ," म्हणायचा आणि डावीकडे टाकायचा. "रोहू." उजवीकडे. गावातली पोट्टी बघायला जमायची. "डोमाजीआबाले तं मांगं बी डोळे हायेत," असं म्हणायची. मीही टाळ्या वाजवल्या आहेत, गाढवासारख्या.

खरी गोष्ट अशी होती की साखरेनं त्याच्या डोळ्याचा पडदा खाल्ला होता. जुन्या शहरातून जाळ्याचं सूत आणतो असं घरी सांगून तो एकटाच अकोल्याला जाऊन डॉक्टरला दाखवून आला होता. गेली ती नजर परत येणार नाही, उरलेली टिकवायची तर डोळ्यात सुया घ्याव्या लागतील, असं डॉक्टरनं सांगितलं. एक सुई घेतली आणि नंतर गेलाच नाही. सारखं सारखं सूत आणायला जाणार तरी किती?

बायकोला सांगितलं नाही, त्याचं कारण नितेश. नितेश म्हणजे त्याचा मुलगा, अमरावतीला फ्रिज दुरुस्त करतो. पोरगा भला आहे, त्यात वाद नाही. पण त्यानं बजावून ठेवलं होतं, "बाबा, जरा काई दुखलंखुपलं तं मी तुमाले उचलून घेऊन जाईन." तिथं तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. नातवाच्या बारशाला डोमाजी तिथं चार दिवस राहिला होता. खिडकीशी बसून सुनेला विचारायचा, "अठी पानी कुठी हाय?" तिनं त्याला गच्चीवरची टाकी दाखवली. तेव्हापासून अमरावतीचं नाव काढलं की तो उठून जायचा. तोंड उघडलं की नदी गेली, एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्यानं तोंड मिटलं आणि रोज सकाळी उठून डोळस माणसाचं सोंग करायला लागला. मला वाटतं, मासे धरण्यापेक्षा त्याला तेच काम जास्त पडत असेल.

सापांचंही तसंच. काठाच्या लव्हाळ्यात दिवड पुष्कळ. पाण्यातला साप, चावतो कडकडून, पण विष नाही. आणि दुसरी परड, जिला पुस्तकात घोणस म्हणतात. गवतात वेटोळं करून पडते, चावली तर माणूस जातो. दोन्ही मातकट, दोन्हींच्या अंगावर ठिपके, आणि भ्यालेल्या माणसाला सगळे ठिपके सारखेच दिसतात. गावात कुणालाही साप दिसला की आधी डोमाजीला हाक. चाळीस वर्षांत त्याचा शब्द चुकला नव्हता. "मले माईत नाई" हे वाक्य मी तरी त्याच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

दिवाळी होऊन आठवडा झाला होता. रविवार होता, सकाळचे नऊ वाजले होते. डोमाजी आणि त्याची बायको भागीरथावहिनी डोंगा लावून उतरले. उत्तमराव हजर होते, मी थर्मासमध्ये चहा घेऊन गेलो होतो. रात्री वाळत टाकलेलं जुनं जाळं काठावर गोळा होऊन पडलं होतं. वहिनीनं ते उचलायला हात घातला आणि झटकन मागे घेतला.

"मांगुराचा काटा लागला वाटते," ती म्हणाली.

आणि जाळ्याखालून साप निघाला. माझ्याकडे वहिनीची पाठ होती, मला फक्त शेपूट लव्हाळ्यात जाताना दिसलं. उत्तमरावांना तेवढंही नाही. पण तो गेला डोमाजीच्या पायाजवळून, हातभर अंतरावरून. डोमाजी मान खाली घालून सरळ त्याच्याकडे बघत होता. आम्ही तिघांनीही डोमाजीकडे पाहिलं.

डोमाजीनं तोंड उत्तमरावांकडे केलं आणि म्हणाला, "दिवड हाय."

संपलं. उत्तमराव हसले. मी चहा ओतला. वहिनीनं बोट नदीत धुतलं, लुगड्याच्या पदराची चिंधी फाडून बांधली आणि मासे वेचायला बसली. दिवड चावली म्हणून कोण घरी जातं? ज्यानं ओळखायचा त्यानंच ओळखला, मग आणखी काय पाहिजे.

डोमाजी नेहमीसारखा नदीकडे तोंड करून बसला. मासा घेतला, अंगठा फिरवला, "रोहू." दुसरा घेतला. "रोहू." तो मिरगळ होता. मला कळत नाही त्यातलं, पण उत्तमरावांनी उचलून बघितला आणि गुपचूप दुसऱ्या ढिगात टाकला. मग पुन्हा एक चुकला. मला वाटलं साखर कमी झाली, मी त्याला बिस्किट दिलं. त्यानं ते हातातच धरून ठेवलं.

"भागीरथा, दुखून राहिलं का?"

"काटा लागल्यासारखं दुखते. करा तुमचं काम."

थोड्या वेळानं पुन्हा, "सुजलं का वं?"

"मांगुराचा काटा लागला तवा बी सुजलं होतं. दिवडीचं बी सुजत असन."

वहिनीला त्याचा राग येत होता. मलाही. दिवड म्हणतो आणि वर बायकोला दर पाच मिनिटांनी विचारतो, हे काय लावलंय? अर्धा तास असा गेला. मग तो उठला आणि म्हणाला, "कंडक्टर, गाडी काढ."

"कुठं जायचं?"

"दवाखान्यात. इले धनुर्वाताची सुई देऊन आनू."

"मी नाई येत," वहिनी म्हणाली. "व्यापारी येऊन राहिला, मासे कोन देईन? संध्याकाळी जाऊ."

"माही साखर बी पाहून घेऊ."

"तुमची साखर उद्या पाहा."

तो उभाच राहिला. त्याचं तोंड मी तेव्हा पाहिलं. दोन बाजूंनी डोंगे लागावेत आणि मधे माणूस अडकावा, तसा उभा होता. ती जागची हलत नव्हती ती त्याच्याच शब्दामुळे, आणि तिला हलवायचं तर तो शब्द मोडायला हवा होता, तोही उत्तमरावांसमोर. मला हे नंतर समजलं. तेव्हा मी आपला म्हणत होतो, डोमाजी, चहा घे, थंड होऊन राहिला.

"भागीरथा, मले दिसला नाई."

"काय दिसला नाई?"

"साप."

"तुमच्या पायापाशून गेला ना थो."

"गेला असन. मातीच्या रंगाचं काईतरी हाललं, तेवढंच समजलं. दोन वर्सं झाले, मले मानसाचं तोंड दिसत नाई. तुहं बी नाई. मासा हातानं समजते. साप कसा समजीन वं?"

उत्तमरावांच्या हातात एक मासा होता. त्यांनी तो दोन ढिगांच्या मधे ठेवून दिला. वहिनी रडली नाही, ओरडली नाही. टोपलं तसंच टाकून उठली आणि "चाला" म्हणाली. तेव्हा मी तिचा हात नीट बघितला. बोट वांग्यासारखं काळंनिळं झालं होतं आणि सूज मनगटाच्या वर चढली होती. चिंधी पूर्ण भिजली होती, रक्त थांबलंच नव्हतं.

मोटरसायकलवर मी पुढे, मधे वहिनी, मागे तिला धरून डोमाजी. रस्ता असा की खड्डा चुकवला तर दुसऱ्यात जातो. पाच-सहा किलोमीटर गेल्यावर वहिनी बोलली, आणि माझ्या कानाशीच बोलली, कारण तोंड पुढे होतं.

"दोन वर्सं मी तुमच्या भरोशावर डोंग्यात बसली. पुरात बी बसली. ते मी सोडून देईन." जरा थांबली. "पन मले चावलं तवा तुमी उत्तमरावाकडे तोंड केलं. माह्याकडे नाई केलं. हे कसं सोडू?"

मी गाडी जोरात पळवली. मला ते ऐकू आलं नसतं तर बरं झालं असतं.

दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाई होत्या. साप कोणता, त्यांनी विचारलं. मी डोमाजीकडे पाहिलं. "मले माईत नाई," तो म्हणाला, लगेच, मोठ्यानं. बाईंनी वहिनीचं रक्त काचेच्या नळीत घेतलं, नळी टेबलावर उभी केली आणि सांगितलं, वीस मिनिटं नळीला कुणी हात लावायचा नाही. रक्त जमलं तर बरं. नाही जमलं तर परड, मग विषावरची सुई सुरू करावी लागेल आणि अकोल्याला हलवावं लागेल. तेवढ्यात उत्तमरावही मागून पोहोचले. आम्ही दोघं घड्याळाकडे बघत बसलो. डोमाजी भिंतीला टेकून खाली बसला होता, तोंड नळीकडे, पण नळी होती त्याच्या जरा डावीकडे.

वीस मिनिटांनी बाईंनी नळी तिरपी केली. रक्त सगळं एका बाजूला वाहिलं.

बाई आणि सिस्टर कपाटाकडे धावल्या. डोमाजी म्हणाला, "कंडक्टर, जमलं का?"

खरं सांगतो, एक क्षण माझ्या जिभेवर आलं होतं की म्हणावं, जमलं. त्या अर्ध्या तासाचं ओझं त्याच्या डोक्यावर जन्मभर राहणार होतं, आणि ते माझ्या एका शब्दानं ठेवलं जाणार होतं. आयुष्यभर ह्या माणसानं मला सांगितलं की हे हे आहे आणि ते ते आहे, आणि मी मान हलवली. आता तो मला विचारत होता.

"नाही जमलं, डोमाजी," मी म्हटलं. "पाण्यासारखं आहे."

वहिनी वाचली. अकोल्याला अकरा दिवस काढले, बोटाचं एक पेर गेलं. मग नितेश येऊन दोघांनाही अमरावतीला घेऊन गेला आणि डोमाजी एका शब्दानं भांडला नाही. काठावरच्या घराला कुलूप आहे, डोंगा उत्तमरावांनी दुसऱ्याला दिला. पण त्या घटकेला ह्यातलं आम्हाला काहीच माहीत नव्हतं. बाटली लावली होती आणि वहिनी छताकडे बघत पडली होती.

"अठी या," ती म्हणाली.

डोमाजी उठला. दोन वर्षं तो कुठंही ठेच न लागता, मोजलेली पावलं टाकत चालला होता. आता तो सगळ्यांसमोर दोन्ही हात पुढे करून चाचपडत निघाला. सलाइनच्या खांबाला धडकला, पलंगाचं लोखंड सापडलं, ते धरत धरत उशाशी आला. उत्तमराव खिडकीबाहेर बघायला लागले. एका हाताला बाटलीची सुई होती, म्हणून वहिनीनं दुसरा हात पुढे केला.

"हळू धरा," ती म्हणाली. "कोपरापर्यंत सुजला हाय. तुमाले दिसत नाई म्हनून सांगून राहिली."