रांगेतले डबे

ज्ञानाला देशाच्या सीमा नसतात, असं आमच्या गल्लीतल्या गिरणीवाल्याचं ठाम मत आहे. ज्वारी दळता दळता तो फोनवरच्या एका ग्रुपवर परदेशातल्या अनोळखी लोकांशी विज्ञानाच्या गप्पा मारतो. फोनवर कायम पिठाचा थर असतो. स्वतःला गुदगुल्या केल्या तर हसू का येत नाही, असले प्रश्न तो तिकडून आणतो आणि गिऱ्हाइकांवर तपासतो. आमची निम्मी गल्ली त्याच्यासमोर स्वतःच्याच काखेत बोटं घालून उभी राहिलेली आहे.

परवा मात्र तो हिरमुसला होता. "सर, त्यो कॅनडावाला म्हणतो, माणसं समोर असली तरच रांग टिकती. मी म्हणलं, आमच्याकडं डबेच रांगेत ऱ्हातात, माणसं घरी. तर हसला की! म्हणतो, विनोद चांगला हाय."

दोन वर्षांत त्याला ग्रुपवर कुणी खोटं ठरवलं नव्हतं. त्यानं रांगेत तिसरा असलेला माझा डबा उचलून पहिला ठेवला, फोनचा कॅमेरा सुरू केला आणि मला गप्प बसायला सांगितलं.

थोड्या वेळानं एक मावशी आपलं दळण झालं का बघायला आल्या. "ह्यो डबा तिसरा होता की. कुणाला एवढी घाई हाय?" म्हणत त्यांनी तो उचलला आणि थेट शेवटी नेऊन ठेवला.

व्हिडिओ पाहून कॅनडावाल्यानं माफी मागितली. गिरणीवाल्यानं ती मला दोनदा वाचून दाखवली.

माझा नंबर यायच्या आत वीज गेली. त्या दिवशी आमच्याकडे भाकरीऐवजी भात झाला.