कोपऱ्यावर मिळणारी सुरी

मावशी टोमॅटो कापत होती. कापत कसली, बोथट सुरीने घासत होती. साल तुटण्याआधीच रस ओट्यावरून गळत होता. आणि तिच्या पाठीमागे, बाहेरच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात, काकांनी जमवलेल्या सुऱ्या मखमलीवर निजल्या होत्या.

शिंगाच्या मुठीची एक सुरी मिळवायला आपण कुठकुठे वणवण केली, ते काका मला सांगत होते. "हिला धार लावायची नाही," ते म्हणाले. "लावली की मोल गेलं."

"मावशी, एखादी नवी सुरी आण की," मी म्हटलं.

"गुडघ्यांमुळे जिना कुठे उतरवतो मला! ह्यांना सांगून दमले. कोपऱ्यावर केव्हाही मिळते म्हणतात. केव्हाही मिळते ना, म्हणून राहूनच जातं."

"पुढच्या वेळी मी आणतो," मी म्हणालो, आणि माझा मलाच राग आला. कोपरा तर दोन मिनिटांवर होता.

जे सहसा मिळत नाही, त्यासाठी माणूस गावंच्या गावं पालथी घालतो. जे हाताशी आहे, ते जाणार कुठे, अशी त्याची खात्री असते. मला या खात्रीचीच भीती वाटते.

काका कपाटाची काच पुसू लागले. काचेत मावशी दिसत होती, पाठमोरी, वाकलेली, अजून त्याच टोमॅटोशी झगडणारी. ती दिसत होती नेमकं तिथेच काका फडकं फिरवत राहिले, आणि बघत राहिले पलीकडच्या सुऱ्यांकडे.