दार उघडं तर मशीन बंद

कोल्ड स्टोरेजमध्ये सगळे त्याला थंडोबा म्हणत. हे नाव ज्याने ठेवलं तो चांगलाच खट्याळ असला पाहिजे, कारण त्या आख्ख्या आवारात त्याच्याइतका तापट माणूस दुसरा नव्हता. जहाजाने परदेशी जाणाऱ्या थंड कंटेनरांची मशीनं तपासायची, हे त्याचं काम. एकतीस वर्षं त्याने ते केलं. कोळंबी असो, मासळी असो की मटार, कंटेनरचं मशीन आधी थंडोबा बघणार, कान लावून ऐकणार, आणि मगच स्वतःच्या सहीची पिवळी चिठ्ठी दाराला अडकवणार. ती चिठ्ठी नसेल तर हमालांची मुकादमबाई एक खोकं आत जाऊ देत नसे.

त्याचा एक नियम होता आणि नव्या माणसाला तो उलटाच वाटायचा. माल भरताना कंटेनरचं दार उघडं असतं, तेवढा वेळ मशीन बंद ठेवायचं. नवा माणूस म्हणायचा, "अहो, मग माल गरम होईल की." थंडोबा आधी कपाळावर आठ्या घालायचा, मग सांगायचा. दार उघडं ठेवून मशीन चालवलं की ते बाहेरची दमट हवा ओढतं. त्या हवेतलं पाणी आतल्या नळ्यांवर बर्फ होऊन बसतं. नळ्या बर्फाने गच्च झाल्या की मग दार लावलंत काय न लावलंत काय, वारा फिरतच नाही. "हे मशीन माल गार करत नाही बाबा. गार माल गार ठेवतं, एवढंच. माल गोदामातून दगड होऊन यायला हवा आणि झटपट आत जायला हवा." एवढं बोलूनही भरवसा नव्हता, म्हणून त्याने माल भरायच्या धक्क्याच्या भिंतीवर निळ्या रंगात लिहूनच ठेवलं होतं: दार उघडं तर मशीन बंद.

मग नवे मॅनेजर आले. वयाने थंडोबाच्या धाकट्या भावापेक्षाही लहान, बोलायला गोड, बूट चकचकीत. परदेशी खरेदीदार पाहणीला येणार म्हणून त्यांनी पहिलं काम केलं ते भिंती पांढऱ्या करून घेण्याचं. निळी अक्षरं गेली. थंडोबाने तक्रार केली तर म्हणाले, "काका, तुमच्या डोक्यात सगळं आहेच ना? मग भिंतीवर कशाला?"

पुढच्याच आठवड्यात थंडोबाच्या बायकोचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. त्याने सकाळी सातला येऊन कोळंबीच्या कंटेनरचं मशीन तपासलं, चिठ्ठी लावली, मशीन बंद केलं आणि रजेवर गेला. तिकडे अकराला भरणी सुरू झाली. पाहुणे धक्क्यावर उभे होते. मॅनेजरसाहेबांना त्यांच्यासमोर बंद मशीन बरं दिसेना. त्यांनी मुकादमबाईला मशीन लावायला सांगितलं. तिने विचारलं, "दार उघडं असताना?" साहेब म्हणाले, "गार हवा सुटली की माल ताजा राहतो बाई, साधी गोष्ट आहे." तीन तास पाहुण्यांच्या अंगावर गार वारा येत राहिला. पाहुणे खूश झाले.

पाच आठवड्यांनी पलीकडच्या बंदरात दार उघडलं तेव्हा मागच्या चार रांगांतली कोळंबी वितळून पुन्हा गोठलेली निघाली. खोकी चेपलेली, खाली पाण्याचा गोठलेला थर. सगळा माल नाकारला गेला.

थंडोबाला हे कळलं ते साहेबांच्या खोलीत. टेबलावर एक टाईप केलेला कागद होता. त्यात लिहिलं होतं की रवानगीच्या दिवशी मशीनची तपासणी अपुरी झाली आणि मशीनमध्ये आधीपासून दोष होता. खाली त्याचं नाव, आणि सहीसाठी रिकामी जागा.

"काका, सही करा," साहेब म्हणाले. "तुम्हाला निवृत्त व्हायला सातच महिने आहेत. कोणी काही करणार नाही तुम्हाला. विम्यासाठी कागद लागतो, बाकी काही नाही."

"काका घरी. इथं मी मेकॅनिक आहे."

"चिडू नका. परवापर्यंत द्या."

थंडोबाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एकतीस वर्षांत त्याच्या चिठ्ठीचं मशीन वाटेत बंद पडलं नाही असं नाही, पण ती मशीनं त्याने स्वतः उघडून, चूक शोधून, वहीत लिहून ठेवली होती. न केलेली चूक आपल्या नावावर लिहायची हे त्याला जमणारं नव्हतं. त्याने पलीकडून आलेला मशीनच्या नोंदींचा कागद मागितला. कंटेनरचं मशीन चालू-बंद झाल्याची वेळ आणि दर तासाचं आतलं तापमान आपोआप टिपून ठेवतं, हे साहेबांना ठाऊक होतं, पण तो कागद वाचायचा कसा ते ठाऊक नव्हतं. म्हणून त्यांनी तो खुशाल दिला.

घरी बायकोच्या डोळ्यात औषधाचे थेंब घालायचे होते. पहिला थेंब गालावर पडला, दुसरा कपाळावर.

"अहो, डोळा एकच आहे, तोंड धुवायचं नाही मला," ती म्हणाली. "काय झालंय?"

त्याने सांगितलं.

"मग करून टाका सही. सात महिन्यांचा तर प्रश्न आहे."

"तूसुद्धा?"

"तुम्ही काय म्हणता ते बघत होते. सही केली असतीत तर पुढची वीस वर्षं इथं बसून मलाच भाजलं असतंत. माझा डोळा आधी नीट करा, मग त्यांचे उघडा."

त्याला हसू आलं नाही, पण त्याने बाटली नीट धरली. तिसरा थेंब नीट पडला.

दुसऱ्या दिवशी त्याने मुकादमबाईला गाठलं. कंटेनरचं दार कधी उघडलं आणि कधी लावलं याची पावती तिच्याकडे असते. त्याने दोन्ही कागद शेजारी ठेवले. मशीन अकराला सुरू, तेव्हा दारही उघडं. दार दोनला बंद. मधले तीन तास मशीन बाहेरची हवा गिळत होतं आणि आतलं तापमान चढत होतं.

"बटण कोणी दाबलं?" त्याने विचारलं.

बाई खोक्यांवर शिक्के मारत होती. तिचा हात चालूच राहिला. "मी."

"बाई, दहा वर्षं झाली तुम्हाला. तुम्हाला कळू नये?"

"कळत होतं. विचारलंही. नोकरीवाल्या माणसाने एकदा विचारायचं असतं, थंडोबा. दोनदा विचारलं की उद्धटपणा होतो." तिने शिक्का खाली ठेवला. "आणि तुम्ही काय करणार आता? बाईने दाबलं म्हणून लिहिणार? मला दोन मुली आहेत."

थंडोबा भडकला, पण आता कोणावर हे त्यालाच कळेना. खरं लिहिलं तर ही अडकणार. नाही लिहिलं तर आपण. आणि ज्याच्या तोंडातून हुकूम निघाला तो चकचकीत बुटांनी सगळ्यातून कोरडा बाहेर. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे तर कोणता संन्यासी द्यायचा ते संन्याशांनीच ठरवायचं होतं. त्याने कागद घड्या करून खिशात घातले आणि मशीनकडे गेला. त्या दिवशी त्याने एक पाना फेकून मारला. भिंतीला.

तिसऱ्या दिवशी तो साहेबांच्या खोलीत उभा राहिला.

"झाली का सही?"

"मी माझा कागद लिहून आणलाय. मशीन सकाळी सातला ठीक होतं. अकरा ते दोन दार उघडं असताना चालवलं, म्हणून बर्फ धरला. कोणी चालवलं ते मी लिहिलेलं नाही, मी तिथं नव्हतो."

साहेबांनी वाचलं. "ठीक आहे. मग मी लिहितो. मुकादमबाईंनी परवानगीशिवाय मशीन लावलं. दोघांपैकी एकाची चूक आहे, काका, तुम्हीच सांगा कोणाची."

दार लोटून बाई आत आली. ती बाहेरच उभी असणार.

"बाईंनी लावलं, हे लिहा साहेब," ती म्हणाली. "आणि कोणी सांगितलं तेही लिहा. धक्क्यावर माझे अकरा हमाल होते आणि तुमचे चार पाहुणे. पाहुण्यांना पण विचारू का? त्यांना वारा आवडला होता."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. थंडोबाने आपल्या कागदाखालची साक्षीदाराची जागा बाईपुढे केली. तिने सही केली, हळू, एकेक अक्षर काढून.

तो कागद वर गेला. वरून उत्तर आलं त्यात कोणाचंच नाव नव्हतं. मशीनची तपासणी योग्य होती, भरणीच्या पद्धतीत चूक झाली, एवढंच. पंधरा दिवसांनी धक्क्यावर छापील सूचना लागली: माल भरताना मशीन बंद ठेवावे. खाली मॅनेजरसाहेबांची सही. थंडोबाला रिकाम्या कंटेनरांच्या आवारात पाठवलं, धुण्याच्या कामावर. बाईची नोकरी राहिली, पण मुकादमकी दुसऱ्याला मिळाली.

लोक त्याला म्हणत, "जिंकलास की रे, नाव तर साफ झालं." थंडोबा पाण्याची नळी कंटेनरच्या जमिनीवर रोखून उत्तर द्यायचा, "नाव साफच होतं. मळवलं कोणी ते विचारा."

निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी हार आणला आणि दोन शब्द बोलायचा आग्रह केला. थंडोबा उठला. म्हणाला, "ज्यांनी बटण दाबायला सांगितलं त्यांनी आधी दोन शब्द बोलावेत. मी थांबतो." आणि तो खरंच थांबला. चहा गार होईपर्यंत कोणी बोललं नाही, तेव्हा त्याने हार खुर्चीवर ठेवला आणि बाईचा निरोप घेऊन घरी गेला.