नानांनी वाचलेली जपानी टगी पोरं

गेल्या रविवारी आमच्या पिंप्राळ्याच्या घरात चार जपानी पोरांवरून चांगलंच रामायण घडलं...

माझी मुक्ता नववीत आहे. यंदा शाळा सुरू झाल्यापासून ती घरी आली की थेट खोलीत जाते, आणि हातात एकच मांगा सिरीज. मांगा म्हणजे जपानी कॉमिक्स, इंग्रजी भाषांतरात मिळणारी, पण आपल्या उलट, उजवीकडून डावीकडे वाचायची. गोष्ट एका बदनाम शाळेतल्या चार टग्या पोरांची... रोज मारामारी आणि रोज धमाल.

मी नुसतं लांबून नावं ठेवणारी आई नाही हं. सगळे भाग वाचलेत, त्यामुळे हक्कानं सांगते, सिरीज झकास आहे. चेहरे असे काढलेत की संवाद झाकून ठेवले तरी हसू येतं. टोळीचा म्होरक्या अख्ख्या गावाला दम देतो आणि कुत्र्याचं पिल्लू दिसलं की भिंतीवर चढतो... मी भाजी फोडणीला टाकून वाचत बसले आणि भाजी करपली.

दोषही आहेत. मुलींना डबा देण्यापलीकडे काम नाही. पाचव्या भागानंतर येणारा प्रत्येक नवा गुंड जुन्याच गुंडासारखा वाटतो, फक्त केस वेगळे. आणि मास्तर मंडळी म्हणजे निव्वळ ओरडणारी तोंडं!

तर... शनिवारी माझे सासरे, नाना, शिंदखेड्याहून आले. नाना रिटायर्ड हेडमास्तर. दुपारी त्यांनी सहज एक भाग उचलला, चष्मा लावला आणि शेवटपर्यंत वाचून काढला.

रविवारी सकाळी चहाबरोबर निकाल लागला. ही पुस्तकं घरात नकोत. त्यांचं म्हणणं, पोरं सुरुवातीला किती गुणी होती, शाळेची भिंत रंगवत होती... आणि शेवटी त्याच भिंतीवर घाण करून पळाली. असलं वाचून पोरगी काय शिकणार?

मुक्ता उठून खोलीत गेली. ही पुस्तकं गेली तर पोरीकडे दुसरं काही उरणार नाही, एवढं मला दिसत होतं. तिचं नेमकं काय बिनसलंय ते मात्र विचारूनही कळलं नव्हतं.

मग माझी ट्यूब पेटली. नानांनी पुस्तक आपल्या पद्धतीनं, डावीकडून, म्हणजे शेवटाकडून वाचलं होतं! आणि त्याला जबाबदार मीच. जूनमध्ये शाळेच्या पुस्तकांना खाकी कव्हरं घातली तशी मी यांनाही घातली, आणि सवयीनं नावाची लेबलं भलत्याच बाजूला चिकटवली. 'इथून वाचू नका' अशी सूचना असलेलं पान तर कव्हरच्या घडीखालीच चिकटून गेलं.

नानांना सांगितलं तर त्यांना आधी पटेना. आधी उत्तर आणि मग प्रश्न येतोय हे त्यांच्या लक्षात आलं होतं म्हणे, पण हल्लीची पोरं असंच बोलतात असं त्यांना वाटलं... मग मात्र मुकाट्यानं चष्मा लावून त्यांनी तोच भाग सरळ बाजूनं वाचला. मुक्ता दारात येऊन उभी होती.

"मनं चुकनं, बेटा," नाना त्यांच्या अहिराणीत म्हणाले. माझं चुकलं, हे त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं. पण मास्तर ते मास्तरच! पुढे म्हणाले की ती भिंत सोडली तर सरळ वाचलं काय नि उलटं वाचलं काय, काही फरक पडत नाही. आज भांडतात, उद्या एकत्र डबा खातात, कालचं कुणाला काही आठवतच नाही.

मला हे शंभर टक्के पटलं. सिरीजचा सगळ्यात मोठा दोष मी इतके भाग वाचून पकडला नव्हता, तो नानांनी एका भागात पकडला.

मुक्ता मात्र हळूच म्हणाली, "म्हणूनच मला आवडते ती, नाना. त्यांचं भांडण दुसऱ्या दिवशी संपतं. आमचं संपत नाही."

आणि मग सगळं बाहेर आलं. गेल्या वर्षीच्या गॅदरिंगच्या नाचावरून तिचं आणि सईचं वाजलं होतं. बालवाडीपासूनची मैत्रीण, एकाच स्कूल रिक्षात बसतात... आणि एवढे महिने एकमेकींशी एक शब्द नाही. मी आई असून मला पत्ता नाही. खूप वाईट वाटलं.

मग नानांनी आणखी एक दोष सांगितला, त्या पुस्तकातला एकही मास्तर कधी पोराच्या घरी जात नाही. एखादं पोरगं शाळेत यायचं थांबलं की ते स्वतः जायचे. चहा घ्यायचे, पिकापाण्याचं बोलायचे, शाळेचं नावही काढायचे नाहीत... आणि दुसऱ्या दिवशी पोरगं वर्गात हजर.

"तुन्ही मैत्रीण कोठे ऱ्हास?" ती कुठे राहते, असं त्यांनी विचारलं आणि टोपी घातली.

सईचं घर पलीकडच्याच कॉलनीत, आम्ही तिघं चालतच निघालो. मुक्ताचे पाय निघत नव्हते, तिनं आधारासारखा पहिला भाग छातीशी धरला होता. नानांनी तिथे सईच्या आजोबांशी यंदाच्या कापसावर गप्पा मारल्या, दोनदा चहा घेतला, भांडणाचा विषयसुद्धा काढला नाही. दोघी मुली सोफ्याच्या दोन टोकांना बसून होत्या. मी मनातल्या मनात देवाचा धावा करत होते.

निघताना सई फाटकापर्यंत आली. मुक्तानं पुस्तक तिच्या हातात दिलं. सईनं ते घेतलं, जरा वेळ चाळत राहिली आणि खाली बघत विचारलं, "उद्या रिक्षात जागा धरू?"

मुक्ता म्हणाली, "धर."

घरी येईपर्यंत माझे डोळे वाहत होते. नाना पुढे चालत होते, त्यांनी मागे वळून पाहिलं नाही, ते बरंच झालं... थँक्यू, नाना. पोरीला काय झालंय हे मी रोज विचारत होते, तुम्ही तिच्याबरोबर चालत गेलात.